समाप्तीची ओढ : अद्भुत कथामाला, त्यांचा वाचक आणि निर्वहणाचा प्रश्न

मराठीत दीर्घ गद्यकथेला 'कादंबरी' हे नाव ज्या ग्रंथावरून मिळाले, तो ग्रंथ त्याच्या कर्त्याच्या हातून पुरा झालेला नाही. सातव्या शतकात हर्षवर्धनाच्या सभेत असलेल्या बाणभट्टाची ही कथा, पत्रलेखा चंद्रापीडाला कादंबरीचे मनोगत सांगत असताना, बोलणे अर्ध्यावर राहावे तशी थांबते. पुढचा भाग बाणाच्या मुलाने लिहिला. परंपरेत त्याचे नाव भूषणभट्ट असे येते, काही ठिकाणी पुलिंद असेही आढळते. उत्तरभागाच्या आरंभी त्याने आपल्या कामाचे कारण सांगितले आहे. वडील स्वर्गवासी झाले आणि त्यांच्या वाणीबरोबर कथेचा धागाही तुटला. ती अपुरी राहिल्याने सज्जनांना झालेले दुःख पाहून हे काम आरंभले, कवित्वाच्या गर्वाने नव्हे, असा त्याचा आशय आहे. हे निवेदन बहुधा पुत्राच्या विनयाचा नमुना म्हणून उल्लेखिले जाते. पण त्यात विनयाखेरीज आणखी एक गोष्ट आहे. अपुऱ्या कथेमुळे वाचकाला दुःख होते, आणि त्या दुःखाच्या निवारणासाठी दुसऱ्याने लेखणी हाती घेणे रास्त ठरते, हे येथे गृहीत धरलेले आहे. रसिकाच्या आनंदाची मीमांसा साहित्यशास्त्रात विपुल झाली. त्याच्या या दुःखाची मात्र तशी झाली नाही.

हे दुःख, आणि त्याचीच दुसरी बाजू असलेली समाप्तीची ओढ, आधुनिक काळात सर्वांत तीव्रपणे दिसते ती अनेक खंडांच्या अद्भुत कथामालांच्या वाचकांत. येथे 'कथामाला' हा शब्द मर्यादित अर्थाने घेतला पाहिजे. एकच नायक अनेक पुस्तकांतून वावरतो, एवढ्याने या अर्थाची माला होत नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतील झुंजार आणि काळापहाड, किंवा भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, यांची पुस्तके कोणत्याही क्रमाने वाचली तरी फारसे बिघडत नाही. प्रत्येक पुस्तकातील प्रकरण त्या पुस्तकातच मिटते. अशा लेखनाला मालिका म्हणावे. मालेत कार्य एकच असते आणि ते खंडाखंडांतून पुढे सरकत असते. एक खंड वाचून झाला म्हणजे काहीच पुरे झालेले नसते. मालिकेच्या वाचकाला आणखी पुस्तके हवी असतात. मालेच्या वाचकालाही ती हवी असतात, परंतु त्याच वेळी ती संपावी असेही वाटत असते. या दोन इच्छा परस्परविरोधी आहेत. कथा चालू राहावी ही इच्छा पुरी झाली तर कथा पुरी व्हावी ही इच्छा अपुरी राहते. अद्भुत कथामालेच्या वाचनाचे सारे बळ या ओढाताणीत आहे, आणि या वाचनाविषयी समीक्षेने दाखविलेल्या उपेक्षेचे कारणही तेथेच सापडते.

या उपेक्षेचा इतिहास मराठीत जुना आहे. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) यांनी अद्भुतरम्य कादंबरीचा पायंडा पाडला, आणि लगोलग १८७२ मध्ये काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांच्या 'नावल व नाटक ह्यांविषयी निबंध' या लेखनाने त्या कादंबरीला वास्तवाच्या कसोटीवर घासून पाहिले. कसोटी रास्त होती. काळाची गरजही तशीच होती. पण तेव्हापासून एक समीकरण रूढ झाले. अद्भुतकथा कुतूहलावर चालते, कुतूहल ही अप्रगल्भ मनाची वृत्ती आहे, म्हणून पुढचा भाग कधी मिळेल याची वाट पाहणारा वाचक हा अप्रगल्भ वाचक होय, असे ते समीकरण आहे. यातील मधली पायरी तपासून पाहण्यासारखी आहे. केवळ 'पुढे काय झाले' एवढेच जाणून घ्यायचे असेल तर कोणीतरी दोन वाक्यांत सांगून टाकावे, वाचकाचे समाधान व्हावे. प्रत्यक्षात असे कोणी सांगितले तर तो रागावतो. त्याला निष्पत्ती कळायला नको असते. ती घडताना हवी असते.

भरताच्या नाट्यशास्त्रात या प्रश्नाला लागू पडणारी सामग्री भरपूर आहे. अद्भुत रसाचा स्थायी भाव विस्मय. औत्सुक्य हा मात्र व्यभिचारी भाव म्हणून गणलेला आहे. म्हणजे तो येतो, स्थायीला पुष्ट करतो आणि जातो. समीक्षेत रूढ झालेल्या समीकरणाची चूक येथेच आहे. औत्सुक्यालाच स्थायी समजले गेले, आणि विस्मयाचा विचार बाजूला राहिला. त्याहून महत्त्वाचे भरताचे एक विधान आहे. नाना रसांनी युक्त असलेल्या कोणत्याही काव्याच्या निर्वहणात जाणत्याने नेहमी अद्भुत रस योजावा, असे तो सांगतो. शृंगारप्रधान असो वा वीरप्रधान, शेवटच्या संधीत विखुरलेले सारे धागे एकत्र येतात तेव्हा प्रेक्षकाच्या मनात विस्मय उत्पन्न झाला पाहिजे. हा नियम अन्य रसांच्या कृतींना सोपा आहे, कारण त्यांनी विस्मय शेवटासाठी राखून ठेवलेला असतो. जी कथा पहिल्या पानापासूनच विस्मय खर्चीत आली आहे, जिच्यात बोलणारे पक्षी, जादूचे किल्ले आणि अमर शत्रू आरंभीच येऊन गेले आहेत, तिने निर्वहणात कोणता अद्भुत आणावा?

याचे एक उत्तर 'कादंबरी'तच आहे. तिच्यातील पोपट, गंधर्व, शाप आणि जन्मांतरे यांचे नवल आरंभी वाटते. पुढे वाचक त्यांना सरावतो. शेवटी उलगडते ते वेगळेच. सभेत बसून पोपटाची कथा ऐकणारा राजा शूद्रक हाच त्या कथेतील चंद्रापीड आहे, आणि कथा सांगणारा पोपट हा त्याचाच मित्र वैशंपायन. ऐकणाराच कथेचा नायक निघतो, हा विस्मय चमत्काराचा नाही, रचनेचा आहे. दूर पडलेल्या दोन गोष्टी मुळात एकच होत्या, हे कळण्याचा तो विस्मय आहे. ही योजना बाणाने बृहत्कथेच्या परंपरेतून घेतली, कारण तिच्याशी जुळणारी कथा 'कथासरित्सागरा'त मिळते. म्हणजे शेवट मुलाने शोधून काढलेला नव्हता, तो आरंभातच पेरलेला होता. बापाने पेरलेल्या बीजांचेच पीक मुलाने गोळा केले, असे त्याने स्वतःच म्हटले आहे. जे. आर. आर. टोल्कीन यांनी १९३९ मधील परीकथांवरील व्याख्यानात जवळपास हाच विचार वेगळ्या वाटेने मांडला. अद्भुतकथा हे एक दुय्यम विश्व उभारते आणि तिच्या अखेरीस अनपेक्षित शुभ कलाटणी येते, तिने होणारा आनंद हाच या प्रकाराचा विशेष होय, असे त्यांचे प्रतिपादन होते. भरत आणि टोल्कीन यांच्यात अनेक शतकांचे अंतर आहे; तरी विस्मयाचे खरे स्थान शेवटात आहे, याविषयी दोघांचे एकमत दिसते.

परंतु भारतीय परंपरेत याच्या उलट टोकाची कथाही आहे. लखनौच्या नवल किशोर छापखान्याने १८८३ पासून पुढे अनेक वर्षे छापलेली 'दास्तान-ए-अमीर हम्झा' शेहेचाळीस खंडांची झाली. तिच्यातील 'तिलिस्म-ए-होशरुबा' या सर्वांत लोकप्रिय भागाचे पहिले चार खंड मुहम्मद हुसैन जाह यांनी लिहिले आणि उरलेले अहमद हुसैन कमर यांनी. दास्तान ही मुळात सांगण्याची कला. तिच्यात शेवटाला फारसे महत्त्व नाही. कथा लांबविता येणे, ऐन प्रसंगी ती थोपवून धरता येणे, यात दास्तानगोचे कसब. ऐकणाऱ्याला उद्या पुन्हा यायचे असते. संपणे हा तेथे जवळजवळ दोष ठरतो.

देवकीनंदन खत्री (१८६१–१९१३) यांचे कार्य या पार्श्वभूमीवर पाहिले म्हणजे त्याचे मोल ध्यानात येते. काशीचे खत्री चकिया व नौगढच्या जंगलांचे ठेकेदार होते. तेथील पडके किल्ले आणि दऱ्याखोरी त्यांच्या पायाखालची होती. 'चंद्रकांता'चे प्रकाशन १८८८ मध्ये सुरू झाले आणि नंतर 'चंद्रकांता संतति' चोवीस भागांत आली. १८९८ मध्ये त्यांनी काशीत लहरी प्रेस हा स्वतःचा छापखाना काढला. दास्तानीतून त्यांनी दोन गोष्टी उचलल्या, तिलिस्म आणि ऐयार. दोहोंचेही स्वरूप मात्र पालटून टाकले. त्यांचे ऐयार मंत्र जपत नाहीत. ते वेषांतर करतात, बेशुद्धीची औषधे वापरतात. त्यांचे तिलिस्म जादूने चालत नाही; त्यात कळी, चाके, तारा आणि रसायने आहेत. चमत्कार आधी दिसतो, त्याचे यंत्र नंतर कळते. या एका बदलाने कथेच्या स्वभावातच फरक पडला. जादूला शेवट असण्याचे कारण नाही, यंत्राला मात्र उलगडा असलाच पाहिजे. अनंत असलेल्या दास्तानीला खत्रींनी समाप्तीची जबाबदारी दिली.

तिलिस्म ही कल्पनाच येथे विचारात घेण्याजोगी आहे. पूर्वजांनी ते बांधलेले असते, त्याची मुदत ठरलेली असते, ते कोणाच्या हातून तुटायचे हेही ठरलेले असते. आणि त्या माणसाला एक विशिष्ट ग्रंथ मिळावा लागतो. 'संतति'तील इंद्रजितसिंह आणि आनंदसिंह या राजपुत्रांना एक एक दालन क्रमाने उघडावे लागते. क्रम चुकला की कोंडून पडण्याची वेळ येते. भाग प्रसिद्ध होतील तसतसे विकत घेऊन वाचणाऱ्या वाचकाची स्थिती याहून फारशी निराळी नव्हती. वाचनाची कृती आणि नायकाची कृती यांत असे साम्य साधले गेल्याने वाचक कथेचा केवळ श्रोता राहिला नाही. तिलिस्म फोडण्याच्या कामात तो सहभागी झाला. हा ग्रंथ वाचता यावा म्हणून अनेक उर्दू जाणणाऱ्यांनी हिंदी आत्मसात केली, ही गोष्ट आचार्य रामचंद्र शुक्ल यांनी आपल्या हिंदी साहित्येतिहासात मान्य केली आहे. याच शुक्लांनी या कादंबऱ्यांना शुद्ध साहित्याच्या कोटीत घेण्याचे मात्र नाकारले. घटनांचे वैचित्र्य आहे, रसनिष्पत्ती नाही, असा त्यांचा आक्षेप. नवी लिपी शिकायला लावणारी ओढ नुसत्या घटनावैचित्र्याने निर्माण होते काय, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारलेला दिसत नाही.

'संतति'च्या शेवटच्या भागांविषयी एक गोष्ट स्पष्टपणे म्हणायला हवी. तेथे घडण्यापेक्षा सांगणे अधिक आहे. तिलिस्म तुटते, आप्तेष्ट एकत्र येतात, आणि मग कोण कोणत्या वेषात होता, कोणी कोणाला केव्हा फसविले, याचा हिशेब पात्रे एकमेकांना सविस्तर सांगत बसतात. आजच्या वाचकाला हा भाग रेंगाळलेला वाटेल. तथापि त्या वाचकाला तो हवा होता. चोवीस भाग त्याने जपून ठेवलेल्या प्रत्येक गाठीची उकल त्याला मिळणे हे देणे होते आणि खत्रींनी ते चुकते केले. ना. सी. फडके यांनी 'प्रतिभासाधना'त कथानकाच्या गुंतागुंतीची आणि उकलीची जी चर्चा केली आहे, ती एका कादंबरीच्या आवाक्यातील आहे. चोवीस भागांच्या कथेत उकलीला स्वतंत्र प्रकरणे लागतात, हा प्रमाणाचा प्रश्न आहे. त्याला तंत्रदोष म्हणणे घाईचे ठरेल.

यानंतर खत्रींनी 'भूतनाथ' हाती घेतली. 'संतति'तील सर्वांत संशयास्पद, चांगल्या-वाईटाच्या सीमेवर वावरणाऱ्या ऐयाराचे हे पूर्वचरित्र. सहा भाग झाले आणि १९१३ मध्ये लेखकाचा मृत्यू झाला. उरलेले भाग त्यांचे चिरंजीव दुर्गाप्रसाद खत्री यांनी लिहून एकूण एकवीस भागांत ती पूर्ण केली. बाणाच्या घरची घटना तेराशे वर्षांनी काशीत पुन्हा घडली. येथे वाचकाच्या ओढीचे एक वेगळे अंग दिसते. भूतनाथाचे पुढे काय होणार हे 'संतति'च्या वाचकाला आधीच ठाऊक होते. तरी त्याने एकवीस भाग वाचले. औत्सुक्य फक्त पुढच्या घटनेविषयी असते, हे गृहीतक येथे कोसळते. ज्ञात शेवटापर्यंत ही वाट कशी आली, हेही जाणून घ्यायचे असते. (१९९४ पासून दूरदर्शनवर आलेल्या 'चंद्रकांता' मालिकेमुळे ही नावे मराठी घरांतही पोचली. मूळ कथेशी त्या मालिकेने घेतलेले स्वातंत्र्य बरेच मोठे होते, आणि ज्यांनी ग्रंथ वाचला होता त्यांना ते खटकले.)

वास्तववादी कादंबरी अपुरी राहिली तर काय होते, हे मराठी वाचकाला हरिभाऊ आपट्यांमुळे ठाऊक आहे. १८९० मध्ये सुरू झालेल्या 'करमणूक' पत्रातून त्यांच्या कादंबऱ्या क्रमशः येत गेल्या, आणि त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. त्याची हळहळ वाटते, पण त्यांच्या पूर्ततेसाठी वाचक व्याकूळ झाले, असे वाङ्मयेतिहास सांगत नाही. याचे कारण कादंबरीच्या विश्वात आहे. पुण्यातील मध्यमवर्गीय कुटुंबाची कथा मध्येच थांबली तरी पुणे थांबत नाही; वाचक आपल्या अनुभवाने पुढचे काही अंशी भरून काढू शकतो. अद्भुत विश्वाला मात्र ग्रंथाबाहेर अस्तित्वच नसते. तिलिस्माचे पुढचे दालन लेखकाने उघडले नाही तर ते कोठेच नसते. म्हणून अपूर्णतेचे दुःख या प्रकारात अधिक तीव्र होते. त्यात वाचकाचा हावरेपणा नाही. विश्वाच्या परावलंबनाचा तो परिणाम आहे.

विसाव्या शतकात इंग्रजीत हा प्रकार बहरला, त्याचा आरंभ टोल्कीन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'पासून मानतात. वास्तविक ती एकच कादंबरी. खर्चाच्या विचाराने प्रकाशकाने तिचे तीन खंड केले. दुसरा खंड नोव्हेंबर १९५४ मध्ये आला तो नायक शत्रूच्या हाती सापडल्यावर संपतो, आणि तिसरा आला ऑक्टोबर १९५५ मध्ये. अकरा महिन्यांची ही प्रतीक्षा प्रकाशनव्यवहारातून निर्माण झाली होती. पुढच्या लेखकांनी ती रचनेचा भाग केली.

या सर्वांत रॉबर्ट जॉर्डन यांची 'द व्हील ऑफ टाइम' ही माला प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत बोलकी आहे. जेम्स ऑलिव्हर रिग्नी या अमेरिकन लेखकाचे हे टोपणनाव. पहिला खंड १९९० मध्ये आला. मोजक्या खंडांत संपेल असे वाटलेली ही कथा वाढत गेली. २००५ मध्ये अकरावा खंड प्रसिद्ध झाला तेव्हाही शेवट दृष्टिपथात नव्हता. तिच्यातील काळ हे फिरते चक्र आहे, युगे पुन्हा पुन्हा येतात, आणि हा खरा आरंभ नव्हे असे प्रत्येक खंड आरंभीच बजावतो. भारतीय वाचकाला युगकल्पनेची आठवण व्हावी असेच हे विश्व आहे. ज्या कथेचे तत्त्वज्ञानच आरंभ आणि अंत नाकारते, तिच्याकडे लक्षावधी वाचक अंत मागत राहिले.

या वाढीची मीमांसा भरताच्या अर्थप्रकृतींनी चांगली करता येते. बीज पेरलेले असते. मध्ये प्रयोजन खंडित झाले की बिंदू ते पुन्हा जोडून घेतो. पताका आणि प्रकरी ही उपकथानके. आणि शेवटी कार्य. पताकेने गर्भ किंवा विमर्श संधीपर्यंत निवृत्त व्हावे, असा भरताचा दंडक आहे. जॉर्डन यांच्या पताका निवृत्त झाल्या नाहीत. नामनिर्देश असलेल्या पात्रांची संख्या दोन हजारांच्या पुढे गेली, आणि प्रत्येक पताका स्वतःचे बीज घेऊन नवे संस्थान मागू लागली. २००३ मधला दहावा खंड या विस्ताराची परिसीमा होय. नवव्या खंडाच्या शेवटी घडलेल्या एका मोठ्या घटनेच्या वेळी इतर पात्रे कोठे काय करीत होती, हे सांगण्यातच त्याचा बराच भाग खर्ची पडला आहे. वाचकांनी त्यावर कठोर टीका केली. तरी तो खंड अमेरिकेतील खपाच्या यादीत अग्रस्थानी गेला. निंदा करणारे आणि विकत घेणारे वाचक एकच होते. बाजाराच्या भाषेत याला सवय म्हणता येईल; पण जो वाचक तेरा वर्षे एका कार्याची वाट पाहत आहे, त्याला एक खंड नीरस निघाला म्हणून कथा सोडून देता येत नाही. त्याने स्मरणात साठविलेली बीजे तशीच वाया जातात.

स्मरणाचा हा मुद्दा जरा विस्ताराने पाहण्यासारखा आहे. नवा खंड येण्याआधी जुने सारे खंड पुन्हा वाचण्याची पद्धत या वाचकांत रूढ आहे. त्यामुळे पहिल्या खंडातील एखादे भाकीत, एखाद्या पात्राच्या खिशातील वस्तू, ओझरते आलेले एखादे नाव यांची दखल घेतली जाते. ती लेखकापेक्षाही वाचकाला अधिक चोख आठवते. संस्कृत टीकाकाराच्या कामाशी याचे नाते आहे. जे पूर्ण झालेले नाही त्यावरच हे वाचक भाष्य रचीत असतात. पुढच्या खंडाने त्यांचे भाष्य खोटे पडण्याची शक्यता सदैव असते, आणि बहुधा तोच त्यातील आनंद असतो.

१६ सप्टेंबर २००७ रोजी जॉर्डन यांचे निधन झाले. आजाराच्या काळात त्यांनी कथेच्या शेवटाविषयी टिपणे केली होती, काही भाग तोंडी सांगून ठेवला होता, आणि अखेरच्या दृश्याचा बराचसा मजकूर स्वतः लिहिला होता. त्यांच्या पत्नी हॅरिएट मॅकडूगल याच त्यांच्या संपादक होत्या. त्यांनी पूर्ततेसाठी ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाची निवड केली. या निवडीला निमित्त ठरला तो सँडरसन यांनी जॉर्डन यांच्या मृत्यूनंतर लिहिलेला श्रद्धांजलीपर मजकूर. किशोरवयात पहिला खंड हाती पडल्यापासून ते या मालेचे वाचक होते. बाण, खत्री आणि टोल्कीन यांच्या बाबतीत अपुरे लेखन पुत्राकडे आले (टोल्कीन यांचे 'द सिल्मरिलियन' त्यांचे चिरंजीव ख्रिस्तोफर यांनी १९७७ मध्ये संपादून प्रसिद्ध केले). येथे ते वाचकाकडे आले. वारसाहक्काचा आधार बदलला. रक्ताच्या जागी वाचन आले.

एक खंड म्हणून ठरलेल्या शेवटाचे तीन झाले आणि ते २००९, २०१० व २०१३ या वर्षी प्रसिद्ध झाले. सँडरसन यांनी मूळ लेखकाच्या शैलीची नक्कल करण्याचे टाळले, आणि हा निर्णय योग्यच होता. वाचकांना फरक जाणवला तो वाक्यरचनेत कमी, पात्रांच्या बोलण्यात अधिक. मॅट या मिस्कील पात्राचे बोलणे पहिल्या पूर्तिखंडात बदलले आहे, ही तक्रार सर्वत्र झाली आणि सँडरसन यांनीही ती मान्य केली. पात्राची बोली वीस वर्षे कानात असलेल्या वाचकाला ती एका पानात परकी वाटते; शैलीविचाराचे एवढे सूक्ष्म भान ज्याला आहे त्याला अप्रगल्भ कसे म्हणावे? गती मात्र वाढली. वर्षानुवर्षे रेंगाळलेल्या पताका मिटू लागल्या. शेवटच्या खंडातील महायुद्ध संपल्यावर वाचक ज्या दृश्यापाशी पोचतो ते बव्हंशी जॉर्डन यांनीच लिहून ठेवलेले आहे. १९९० मध्ये पंधरा वर्षांचा असलेला वाचक तेव्हा अडतीस वर्षांचा झालेला होता.

याच्या शेजारी जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या मालेची स्थिती ठेवून पाहावी. तिचा पहिला खंड १९९६ मध्ये आणि पाचवा २०११ मध्ये आला. तिच्यावरील दूरचित्रवाणी मालिका ग्रंथांच्या पुढे निघून गेली आणि २०१९ मध्ये संपली. तेव्हा सहावा खंड प्रसिद्ध झालेला नव्हता. म्हणजे वाचकाला एक शेवट मिळाला होता, तोही लेखकाकडून कळलेल्या रूपरेषेच्या आधाराने केलेला. त्याने ग्रंथाची मागणी थंडावली नाही. त्या शेवटाविषयीची नाराजी मुख्यतः अशी होती की घटना घडल्या, पण त्या बीजांतून उगवल्यासारख्या वाटल्या नाहीत. फळ मिळाले, निर्वहण झाले नाही. लेखक वाचकाचे शेवट देण्याचे देणे लागतो काय, हा वाद या निमित्ताने पुष्कळ झाला. कायद्याने आणि व्यवहाराने तो लागत नाही, हे उघड आहे. पण भूषणभट्टाने ज्याला दुःख म्हटले ते कराराच्या भाषेत मावणारे नाही.

मराठीत अद्भुताच्या पूर्ततेचे एक उदाहरण अनुवादाच्या क्षेत्रात आहे. 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' हे कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतलेले काम पूर्णतेस नेण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि हरि कृष्ण दामले यांचा वाटा होता. ज्या ग्रंथात कथा सांगत राहणे म्हणजेच जिवंत राहणे आहे, त्याचे भाषांतर पुन्हा एकदा पुत्राच्या हाती यावे, हा योगायोग मजेचा आहे. अलीकडच्या काळात टोल्कीन आणि जे. के. रोलिंग यांच्या मालाही मराठी अनुवादांतून उपलब्ध झाल्या, आणि त्यांच्याबरोबर अनुवादाचा एक नवा प्रश्न पुढे आला आहे. एकट्या कादंबरीच्या अनुवादकाला शेवट माहीत असतो. माला चालू असताना तिचा अनुवाद करणाऱ्याला तो माहीत नसतो. कोणते नाव बीज आहे आणि कोणते नुसते नाव, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही.

रोलिंग यांच्या मालेत हे विशेष स्पष्टपणे दिसले. १९९७ ते २००७ या दहा वर्षांत आलेल्या तिच्या सात खंडांची संख्या शाळेच्या सात वर्षांशी बांधलेली होती, त्यामुळे वाचकाला शेवटाचे अंतर तरी ठाऊक होते. २००५ मधील सहाव्या खंडाच्या अखेरीस एका चिठ्ठीवर तीन आद्याक्षरे येतात, आणि ती कोणाची हे सातव्या खंडापर्यंत गुप्त राहायचे होते. इंग्रजीत शेवटचे अक्षर 'बी' आहे. परंतु डच अनुवादात एका कुटुंबाचे 'काळा' या अर्थाचे आडनाव पूर्वीच त्या भाषेत आणलेले होते, नॉर्वेजियन अनुवादातही तसेच. साहजिकच आद्याक्षर बदलणे अनुवादकांना भाग पडले. डच चिठ्ठीवर 'झेड' आले, नॉर्वेजियन चिठ्ठीवर 'एस'. देशोदेशीच्या वाचकांनी आपापल्या भाषेतील प्रती शेजारी ठेवून ती अक्षरे ताडून पाहिली, आणि मूळ लेखिकेने उलगडा करण्यापूर्वी दोन वर्षे ते आडनाव निश्चित केले. मग ते सातव्या खंडाची वाट पाहू लागले.